शाळेची अर्धी सवलत आणि मुलाच्या नावावरचा विमा

रावेर तालुक्यातील एका केळी उत्पादकाने विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांचा मुलगा १४ वर्षांचा असून आठवीत शिकतो. शालेय रग्बी स्पर्धेत तो नाशिक विभागाच्या संघातून राज्य पातळीपर्यंत खेळला. त्याचा तेथील खेळ पाहून दुसऱ्या जिल्ह्यातील एका निवासी शाळेने नववीपासून बारावीपर्यंत ‘५० टक्के क्रीडा शिष्यवृत्ती’ देऊ केली आहे. उरलेली फी भरण्यासाठी सोसायटीचे पीककर्ज वापरावे, की पत्नीचे ८ तोळे सोने तारण ठेवावे, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे आहे. मुलाच्या शिक्षणासाठी एक पॉलिसी आधीच काढलेली असल्याने ‘पुढची चिंता नाही’, असे ते शेवटी लिहितात आणि पॉलिसीच्या बाँडच्या पहिल्या दोन पानांचे फोटोही जोडतात.

भाऊ, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी देणार आहे, परंतु आधी त्या दोन पानांविषयी बोलणे भाग आहे, कारण तुमच्या घराला खरा धोका शाळेच्या फीपेक्षा तेथे अधिक आहे.

बाँडवर विमाधारक म्हणून तुमच्या मुलाचे नाव आहे. तुम्ही केवळ प्रस्तावक आहात, म्हणजे हप्ता भरणारे. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले, तर या पॉलिसीतून घरी एक रुपयाही येणार नाही. उलट वर्षाला १ लाख २० हजारांचा हप्ता वहिनींच्या अंगावर पडेल. प्रस्तावकाच्या मृत्यूनंतर हप्ते माफ करणारी जोडतरतूद अशा पॉलिसीला घेता येते, मात्र तुमच्या बाँडच्या तपशिलात तिचा उल्लेख नाही. ज्याच्या कमाईवर घर चालते त्याचा विमा ३ लाखांचा आणि ज्याच्यावर कोणीही अवलंबून नाही त्या मुलाचा १२ लाखांचा, अशी ही उलटी मांडणी आहे. ती तुमच्या अज्ञानातून झालेली नाही. मुलाच्या नावाने पॉलिसी म्हटले की बापाचा हात लगेच सहीकडे जातो, हे ओळखून ती विकली गेली आहे आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

आता मुदत पाहा. मुलगा ११ वर्षांचा असताना पॉलिसी सुरू झाली, मुदत २० वर्षांची आहे आणि हप्ते १२ वर्षे भरायचे आहेत. पैसे हाती येतील तेव्हा तो ३१ वर्षांचा असेल. महाविद्यालयाची फी त्याच्या अठराव्या वर्षी, म्हणजे आजपासून चार वर्षांनी लागणार आहे, आणि त्या दिवशी ही ‘शिक्षणाची’ पॉलिसी काहीही देणार नाही. मुलगा सज्ञान होताच पॉलिसीची मालकीही त्याच्याकडे जाईल, हे तुम्हाला कोणी सांगितले होते का, याची मला शंका वाटते.

परताव्याचा हिशेबही थोडक्यात मांडतो. १२ हप्त्यांचे १४ लाख ४० हजार होतात आणि विक्रेत्याने कागदावर २९ लाख लिहून दिले आहेत. पैसे दुप्पट होतात खरे, पण सरासरी साडेचौदा वर्षांनी, म्हणजे दर ५ टक्क्यांच्या आतच राहतो. शिवाय २९ लाखांतील बोनसचा भाग हमीचा नाही. तुम्ही तीन हप्ते भरले आहेत, म्हणजे ३ लाख ६० हजार. आज पॉलिसी सोडली तर हमीचे सोडमूल्य भरलेल्या रकमेच्या ३५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सव्वा लाख असेल. विशेष सोडमूल्य त्याहून अधिकही असू शकते. ही सव्वा लाखाची रक्कम आणि उरलेले नऊ हप्ते आजच्या ७.१ टक्के दराने पीपीएफमध्ये गेले, तर त्याच मुदतीला ३० ते ३१ लाख होतात. झालेले नुकसान बाजूला ठेवून केवळ पुढचे पाहिले, तर दोन्हींत फार अंतर नाही, हे मला मान्य आहे. तरीही चौथा हप्ता भरू नका असेच मी सांगेन, कारण हप्त्याचे वर्षाला १ लाख २० हजार रुपये तुम्हाला आज दुसरीकडे हवे आहेत, आणि ते ३१व्या वर्षापर्यंत चुकीच्या माणसाच्या विम्यात अडकवून ठेवणे तुमच्या घराला परवडणारे नाही. कंपनीच्या शाखेत जाऊन सोडमूल्य किती आणि हप्ते थांबवून पॉलिसी ‘पेड-अप’ केल्यास मुदतीअंती किती, हे दोन आकडे लेखी मागा. ते हाती येईपर्यंत त्याच विक्रेत्याने आता सुचवलेल्या ‘क्रीडा करिअर’ नावाच्या नव्या योजनेवर सही करू नका. पहिली पॉलिसी ज्या शब्दांत विकली गेली, तेच शब्द या योजनेच्या पत्रकातही आहेत.

त्या जागी तुमचा स्वतःचा शुद्ध मुदत विमा घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा टर्म इन्शुरन्स. घरखर्च वर्षाला साडेतीन लाख धरला तर पंधरा वर्षांचे सुमारे ५२ लाख होतात. दोन मुलांचे शिक्षण आणि कर्ज मिळवून ७५ लाखांचे संरक्षण हवे. ४२ वर्षांच्या, तंबाखू न खाणाऱ्या माणसाला साठीपर्यंतचा असा विमा वर्षाला २० ते २५ हजारांत मिळू शकतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. तंबाखू खात असाल तर अर्जात तसे लिहा, कारण लपवलेल्या गोष्टीवरून दावा नाकारला जातो आणि त्याचे परिणाम भोगायला आपण तेथे नसतो. शेतकऱ्याची खरी अडचण उत्पन्नाच्या पुराव्याची असते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी ते दाखवून दरवर्षी आयकर विवरणपत्र भरा, केळीच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, आणि बँकेचा उतारा जपून ठेवा. कंपनीने सुरुवातीला ५० लाखच दिले तरी ते घ्या. दरम्यान बँकेत जाऊन ४३६ रुपये वार्षिक हप्त्याची प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना सुरू करा. तिचे २ लाख पुरेसे नाहीत, पण आज तुमच्याकडे जे आहे त्यात तेवढी तरी भर पडेल.

आता शाळेकडे वळू. एकूण वार्षिक खर्च ६ लाख आहे: शिकवणी शुल्क ३ लाख २० हजार, वसतिगृह व भोजन २ लाख २० हजार, आणि किट, शिबिरे व सामन्यांचे प्रवास ६० हजार. पत्र नीट वाचा. ५० टक्के सवलत केवळ शिकवणी शुल्कावर आहे. म्हणजे १ लाख ६० हजार सुटतात, एकूण खर्चाच्या जेमतेम २७ टक्के. तुम्हाला पहिल्या वर्षी ४ लाख ४० हजार भरायचे आहेत, आणि फी वर्षाला ८ टक्क्यांनी वाढली तर चार वर्षांत २० लाख.

तुमच्या चार एकरांत पाच बाय पाच फुटांवर सुमारे ७,००० रोपे बसतात. घड सरासरी २० किलोचा धरला तर १,४०० क्विंटल माल निघतो. क्विंटलला भाव १,२०० रुपये मिळाला तर १७ लाख येतात, साडेसात लाख खर्च वजा जाता हाती ९ लाख राहतात. भाव ६०० वर आला की हाती लाखभर रुपयेही उरत नाहीत, आणि वादळात बाग आडवी झाली किंवा सीएमव्ही या विषाणूजन्य रोगाने रोपे उपटावी लागली तर तेवढेही नाही. घरखर्च, पॉलिसीचा हप्ता आणि ही फी मिळून ९ लाख १० हजार होतात. थोडक्यात, चांगल्या वर्षाची सगळी कमाई त्यात जाईल, आणि चार वर्षांत एकही वर्ष वाईट येणार नाही असे रावेर-यावल पट्ट्यातील कोणता शेतकरी छातीवर हात ठेवून सांगेल?

म्हणून पीककर्जाला हात लावू नका. मुदतीत फेडले तर ३ लाखांपर्यंत या कर्जाचे व्याज तुम्हाला शून्य पडते. याहून स्वस्त पैसा तुम्हाला कोठेही मिळणार नाही. तो मृगबागेच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावायच्या केळीच्या रोपांसाठी आणि खतांसाठी आहे. फी जूनमध्ये भरायची आणि बाग निघायला वर्षभर लागते. त्यात मुदत चुकली की सवलत जाते, पूर्ण दराने व्याज लागते आणि पुढचे कर्ज अडते. गेल्या वर्षी व्यापाऱ्याकडून महिना २ टक्क्यांनी पैसे उचलून कर्जाचे नवे-जुने केल्याचे, म्हणजे जुने कर्ज भरून लगेच नवे उचलल्याचे, तुम्ही सहज लिहून गेला आहात. तीच तुमच्या घरातील पहिली तंगी आहे आणि शाळेचा विचार सुरू होण्याआधीच ती आली आहे. सोने तारण हे एका हंगामापुरती अडचण भागवण्याचे साधन आहे. दरवर्षी साडेचार-पाच लाखांची फी त्यावर भरत गेलात तर दागिने सुटणार नाहीत.

रग्बीतून मुलाचे भले होईल, ही तुमची आशा मी हलकी लेखत नाही. २०१६ पासून रग्बीचा सात-सात खेळाडूंचा सेव्हन्स प्रकार ऑलिम्पिकमध्ये आहे, २०२५ मध्ये मुंबईत सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली. खेळ वाढतो आहे, पण त्यावर पोट भरणारे भारतीय खेळाडू अजून मोजकेच आहेत. ‘पुढे अमेरिकेत शिष्यवृत्ती मिळते’ असे शाळेच्या प्रतिनिधीने सांगितले. परंतु तेथील विद्यापीठीय खेळांची मोठी संघटना एनसीएए पुरुषांच्या रग्बीची स्पर्धाच घेत नाही, त्यामुळे बास्केटबॉलला मिळते तशी पूर्ण शिष्यवृत्ती त्या चौकटीत नाही. काही विद्यापीठे आपल्या निधीतून थोडी मदत करतात, एवढेच. इंग्लंडमधील अनेक खासगी शाळांत खेळाच्या शिष्यवृत्तीची सवलत आज एकूण फीच्या थोड्याच टक्क्यांची असते, आणि मोठी मदत कुटुंबाची ऐपत पाहून वेगळी दिली जाते. सरकारी नोकरीतील ५ टक्के क्रीडा आरक्षण खरे आहे, मात्र त्यासाठी विहित दर्जाच्या स्पर्धेतील कामगिरी आणि पडताळणी झालेले प्रमाणपत्र लागते, आणि शैक्षणिक पात्रता व स्पर्धा परीक्षा चुकत नाही. शालेय स्पर्धांची प्रमाणपत्रे तो रावेरच्या शाळेतून खेळूनही मिळवतो आहे. दहावीचे क्रीडागुणही त्याच आधारावर मिळतात. त्यासाठी २० लाख मोजण्याची गरज नाही.

शाळा मुलाला का घेते, हेही समजून घ्या. रग्बीत चौदाव्या वर्षी उंचीने आणि वजनाने पुढे असलेला मुलगा चटकन नजरेत भरतो. सतराव्या वर्षापर्यंत बाकीचे त्याला गाठतात. शाळेला येत्या दोन मोसमांचा संघ बांधायचा असतो, तुम्हाला मुलाचे पुढचे आयुष्य बांधायचे आहे. न्यूझीलंडमध्ये तर २०१८ च्या अखेरीस ऑकलंडमधील दहा शाळांनी सेंट केंटिगर्न कॉलेजच्या मुख्य रग्बी संघाशी पुढच्या वर्षी खेळणार नाही असे जाहीर केले, कारण ते इतर शाळांचे तयार खेळाडू ओढून नेतात असा त्यांचा आक्षेप होता. रग्बी जेथे घराघरात आहे तेथेही शाळांना ही भरती अनावर वाटली. दुसरीकडे भुवनेश्वरची कलिंगा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आदिवासी मुलांना शिक्षण, निवास आणि भोजन विनामूल्य देते, आणि तेथील मुलांनी २००७ मध्ये लंडनमध्ये १४ वर्षांखालील आंतरराष्ट्रीय शालेय रग्बी स्पर्धा जिंकली. मुलाच्या खेळावर विश्वास असणारी संस्था बापाला कर्ज काढायला लावत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, या किमतीला ही जागा घेऊ नका. मात्र नाही म्हणण्याआधी शाळेला एक पत्र लिहा. सवलत एकूण खर्चावर आणि बारावीपर्यंत पक्की मिळेल का, गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन मुलगा वर्षभर खेळू शकला नाही तर ती चालू राहील का, प्रशिक्षक शाळा सोडून गेले तर काय, डोक्याला मार लागल्यावर त्याला मैदानाबाहेर ठेवून परत उतरवण्याचा निर्णय कोण घेतो, आणि तो मध्येच परत आला तर भरलेली फी व शाळा सोडल्याचा दाखला मिळेल का, हे सर्व त्यात विचारा आणि उत्तर मुख्याध्यापकांच्या सहीने मागा. तुमचा वार्षिक भार दीड लाखाच्या आत येत असेल आणि दुखापतीचे कलम लेखी मिळत असेल, तर मुलाला अवश्य पाठवा. पॉलिसीचा थांबवलेला हप्ता मुख्यतः त्यासाठीच कामी येईल आणि मुदत विम्याचे २०-२५ हजार तुम्ही चांगल्या वर्षांच्या कमाईतून काढू शकाल. तो कोठेही खेळला तरी कुटुंबाचा आरोग्य विमा घ्या. व्यावसायिक खेळाडूला धोक्याच्या खेळात झालेली दुखापत त्यातून वगळलेली असते, शालेय खेळाडूची सहसा नसते. तरी प्रस्ताव भरताना रग्बीचा उल्लेख करून कंपनीकडून लेखी खात्री घ्या.

तुमच्या पत्रात मुलीविषयी एकच ओळ आहे: ती नऊ वर्षांची आहे आणि दिवाळीनंतर दहाची होईल. सुकन्या समृद्धी खाते मुलगी दहा वर्षांची होण्याआधीच उघडता येते, सध्याचा व्याजदर ८.२ टक्के आहे आणि वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी ते चालू राहते. पुढच्या आठवड्यात टपाल कार्यालयात जाताना तिचा जन्मदाखला आणि तुमचे आधार व पॅन कार्ड सोबत घ्या.