अंड्याला नको म्हणू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. नवऱ्याची तिशी उलटली, तुझीही जवळ आली, आणि तरी सासूबाई विचारताहेत की ईस्टरला तुम्हा दोघांसाठी चॉकलेटचं कुठलं अंडं आणू. "आता कशाला, आम्ही काय लहान आहोत?" असं त्यांना गोड शब्दांत कळवावं का, हे तू विचारलंस. कळवू नकोस. पण नुसतं सांगितलेलं तुला पटत नाही हे मला माहीत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

हे अंडं मुळात लहान मुलांपुरतं नव्हतंच. मध्ययुगात ईस्टरआधीच्या उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्यांना काही उपवास नसतो. वसंतात दिवस मोठा होऊ लागला की त्या जास्तच अंडी घालतात. घरोघर अंडी साचत आणि ईस्टरच्या रविवारी उपवास सुटला की ती खाल्ली जात, वाटली जात. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या हिशेबात ४५० अंड्यांचे १८ पेन्स नोंदलेले आहेत. त्यांतल्या काहींना सोन्याचा वर्ख लावून ती राजवाड्यातल्या मंडळींना दिली गेली. रशियात झार तिसऱ्या अलेक्झांडरने १८८५ मध्ये फाबेर्जे या जवाहिऱ्याकडून पहिलं रत्नजडित अंडं करवून घेतलं ते राणीसाठी, आणि त्याचा मुलगा दुसरा निकोलस पुढे आईला आणि बायकोला अशी अंडी देत राहिला. तेव्हा तिशीतल्या माणसाला ईस्टरचं अंडं मिळण्यात पोरकट असं काहीही नाही.

चॉकलेटचं अंडं तर ब्रिटनमध्ये तू राहतेस त्याच शहरातून आलं. ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८७३ मध्ये पोकळ अंडं विकायला काढलं आणि दोन वर्षांनी बर्मिंगहॅमच्या कॅडबरीने. कॅडबरीची ती पहिली अंडी गडद, कडवट चॉकलेटची होती आणि आत साखरेच्या गोळ्या असत. दुधाच्या चॉकलेटची अंडी घरोघरी गेली ती १९०५ मध्ये डेअरी मिल्क आल्यानंतर. दोन्ही घराणी क्वेकर, म्हणजे साधेपणा पाळणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची, आणि जुने क्वेकर ईस्टर वेगळा सण म्हणून पाळतही नसत. मला या गोष्टीचं फार नवल वाटतं.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र मी पुन्हा वाचलं. नवऱ्याची आजी १९३८ ची, आणि "ती तर सगळ्यांना दोन-दोन अंडी देते" असं तू लिहिलं आहेस. आता हिशेब कर. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, ब्रिटनमध्ये चॉकलेट आणि गोळ्या रेशनवर आल्या. १९४९ मध्ये काही महिने रेशन उठवलं, पण दुकानं इतकी भराभर रिकामी झाली की ते परत लावावं लागलं. कायमचं उठलं ते फेब्रुवारी १९५३ मध्ये. म्हणजे त्या बाई चार वर्षांच्या होत्या तेव्हापासून जवळजवळ पंधरा वर्षांच्या होईपर्यंत चॉकलेट मोजूनमापून मिळत होतं. ज्यांचं बालपण असं गेलं त्यांनी स्वतःच्या मुलांना अंडी देताना हात आखडला नाही. तुझ्या सासूबाई त्या घरात वाढल्या. त्यांना "कशाला" म्हणताना ते कुणापर्यंत पोचतं, याचा विचार कर.

दुसरी बाजूही पाहा. इथली बरीच मुलं अठराव्या वर्षाच्या सुमाराला घर सोडतात. त्यानंतर आईने त्यांच्यासाठी करायच्या गोष्टी एकेक करून संपत जातात: डबा, कपडे, औषध, रात्री दार उघडणं. मोठ्या मुलाची चौकशीसुद्धा इथल्या आया जपून करतात, लुडबुड वाटेल म्हणून. वर्षातून एकदा दुकानात उभं राहून "याला कॅरॅमल आवडतं, हिला डार्क" असं ठरवायला मिळणं ही त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट असते, असं इतकी वर्षं इथे राहून माझं ठाम मत झालं आहे. पूर्वी थॉर्न्टन्सच्या दुकानांत अंड्यावर आयसिंगने नाव लिहून मिळायचं, आणि त्या नावांत चाळिशीतल्या लेकांची नावंही असायची.

सगळ्या घरांत हे चालत नाही, हेही खरं. कुठे अठरा पूर्ण झाली की थांबतं, कुठे नातवंडं आली की अंडी त्यांच्याकडे वळतात, कुठे अंड्याऐवजी चॉकलेटची साधी वडी किंवा दहा पौंडांची नोट येते. पण कधी थांबायचं ते देणारी ठरवते. घेणाऱ्याने, त्यातही घरात नव्याने आलेल्या सुनेने, ते ठरवू नये.

म्हणून त्यांनी आवड विचारली आहे तर आवड सांग. "काहीही चालेल" हे इथे नम्रपणाचं वाटत नाही, नुसतं विचारणाऱ्याचं काम वाढतं. गोड कमी करायचं असेल तर लहान अंडं मागायला हरकत नाही. दूध चालत नसेल तर व्हीगन अंडीही मिळतात. खोक्यावरची किंमत बघून तेवढ्याच किमतीचं काही परत द्यायला जाऊ नकोस. रविवारच्या आधी फोडू नकोस, आणि शक्यतो त्यांच्यासमोर फोड, वरच्या चकचकीत कागदासकट, म्हणजे तुकडे उडत नाहीत. फ्रिजमध्ये ठेवलंस तर वर पांढुरका थर धरेल. मसाल्याच्या डब्याजवळ तर मुळीच ठेवू नकोस, चॉकलेट वास ओढून घेतं. आणि सासूबाईंच्या कुत्र्यापासून सांभाळ, कुत्र्यांना चॉकलेट विषारी असतं.

द्यायचंच असेल तर आपलं काही दे. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान येतो, म्हणजे पाडव्याच्या मागेपुढेच. आईकडून साखरेच्या गाठी मागव आणि त्यांच्या हातात दे. आपल्याकडे गुढीला बांधतात आणि मुलांच्या गळ्यात घालतात, हे सांग. नाहीतर मार्झिपॅनची, म्हणजे बदामाची पूड आणि साखर मळून केलेली, अंडी कर. वांद्र्याच्या आणि गोव्याच्या बेकऱ्यांत ईस्टरला ती मिळतात, वर आयसिंगची फुलं काढलेली. बदामाऐवजी काजूही वापरतात. तुझी ती वसईची मैत्रीण कृती सांगेल.

गुड फ्रायडे ते ईस्टर मंडे अशी चार दिवस सुट्टी आहे. दोघंही जा, आणि आजीकडेही एक चक्कर मारा. तिची दोन अंडी घ्यायला पिशवी मोठी ने. पण सासूबाईंच्या निरोपाचं उत्तर तोवर लांबवू नकोस. दुकानांत चांगली अंडी लवकर संपतात.

तुझी,
काकू