समेट, सलोखा आणि आफ्रिकान्समधला 'सून'

प्रश्न असा आला आहे: दक्षिण आफ्रिकेतल्या चर्चच्या वंशभेदविरोधी कामाबद्दल मराठीत वाचताना 'रिकन्सिलिएशन'साठी तडजोड, सामंजस्य, सलोखा, समेट असे चार शब्द भेटले. यातला योग्य कोणता? शिवाय 'वंशभेद' म्हणावं की 'वर्णभेद'?

तडजोड आधी खोडा. या संदर्भात तो शब्द ऐकला की माझा संताप होतो, आणि हल्ली तो फार ऐकू येतो. तडजोड भाडेकरू आणि घरमालकात होते, निवडणुकीच्या जागावाटपात होते. दोघंही थोडं थोडं सोडतात. ज्याला कातडीच्या रंगावरून प्रार्थनेला वेगळ्या इमारतीत पाठवलं, त्यानं आणखी काय सोडायचं? सामंजस्य करारावर सह्या करायला ठीक आहे, इथे नको.

समेटच बरोबर. मराठी बायबलात करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात 'समेटाची सेवा' आहे, आणि मराठी ख्रिस्ती मंडळींच्या तोंडी तोच शब्द आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द 'काटालागे'. त्याच्या पोटात 'आलोस' म्हणजे 'दुसरा' आहे. त्यावरून बदलणं, आणि पुढे नाणी बदलून देणं. म्हणजे हा मुळात सराफकट्ट्यावरचा शब्द. आपला 'मोबदला'ही अरबीतल्या अदलाबदलीवरूनच आला आहे. समेटाच्या शब्दात देण्याघेण्याचा हिशेब किती जुना आहे, ते यावरून कळावं.

पण खरा आनंद आफ्रिकान्समध्ये आहे. ज्या चर्चबद्दल आपण बोलतो आहोत त्यांची भाषा ती, आणि तिच्यात समेटाला म्हणतात 'फरसूनिंग'. यातल्या 'सून'चा आपल्या सुनेशी संबंध नाही. आफ्रिकान्समध्ये सून म्हणजे चुंबन. डचमध्ये तोच 'झून'. मात्र चुंबन हा अर्थ मागाहून आला. मध्ययुगीन नेदरलँड्समध्ये झून म्हणजे दोन घराण्यांतलं रक्ताचं वैर मिटवण्याचा रीतसर विधी. खून करणाऱ्याच्या बाजूनं मेलेल्याच्या नातलगांपुढे गुडघे टेकून क्षमा मागायची. 'झूनगेल्ड' द्यायचं, म्हणजे जिवाची भरपाई. ती एकट्यानं नव्हे, भाऊबंदांनीही आपापला वाटा उचलून. आणि मग शांतीचं चुंबन. पुढे विधी गेला, पैसे गेले, आणि शब्दात चुंबन तेवढं उरलं!

माझं म्हणणं असं, की दक्षिण आफ्रिकेतल्या चर्चचा सगळा वाद या एका शब्दात मावतो. 1857 साली डच रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट चर्चच्या सिनॉडनं, म्हणजे धर्मसभेनं ठरवलं, की गोऱ्या आणि इतर ख्रिस्ती लोकांनी एकत्र उपासना करणं हेच शास्त्राला धरून आहे, पण 'काही जणांच्या दुर्बलतेमुळे' अडचण येत असेल तर वेगळ्या इमारतीत उपासना चालेल. सवलत म्हणून सुरू झालेली ही गोष्ट हळूहळू नियम झाली, आणि 1881 मध्ये मिश्रवर्णीयांसाठी निराळं मिशन चर्चच निघालं. पुढे शंभर वर्षांनी, 1982 मध्ये ओटावा इथे जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चच्या संघानं अपार्थाइडचं, म्हणजे तिथल्या सरकारी वंशविभाजनाच्या धोरणाचं, धार्मिक समर्थन पाखंड ठरवलं आणि मिशन चर्चचे धर्मगुरू ॲलन बुसाक यांना अध्यक्ष निवडलं. त्याच वर्षी केपटाऊनजवळच्या बेल्हारमध्ये मिशन चर्चनं आपल्या कबुलीजबाबाचा, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर निवेदनाचा, मसुदा केला. 1986 मध्ये तो स्वीकारला गेला. फरसूनिंगचा संदेश देवानं चर्चकडे सोपवला आहे, असं तो सांगतो. आणि लगेच पुढे, देव विशेष करून निराधारांचा, गरिबांचा आणि अन्याय सोसलेल्यांचा देव आहे, असंही. समेट आणि न्याय त्यात एका श्वासात येतात.

अपार्थाइडविरोधी ईश्वरविद्या-अभ्यासकांनी काढलेल्या 1985 च्या कायरोस निवेदनाचा राग नेमका इथेच होता. न्याय बाजूला ठेवून समेटाची भाषा बोलणाऱ्या चर्चला त्यानं धारेवर धरलं. शब्दाच्या इतिहासात सांगायचं तर गुडघे न टेकता, झूनगेल्ड न देता थेट चुंबन मागणं. नोव्हेंबर 1990 मध्ये रुस्टेनबर्गच्या परिषदेत विली योंकर या ईश्वरविद्येच्या प्राध्यापकानं स्वतःच्या आणि आपल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या वतीनं अपार्थाइडच्या पापाची कबुली दिली. अँग्लिकन आर्चबिशप डेझमंड टूटूंनी उभं राहून ती स्वीकारली. काही कृष्णवर्णीय प्रतिनिधींना ही घाई रुचली नाही, आणि मला त्यांची बाजू पटते: गुडघे टेकले होते, पुढची पायरी बाकी होती. अपार्थाइडच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या, टूटूंच्याच अध्यक्षतेखालच्या सत्य आणि समेट आयोगानं (त्याच्याही आफ्रिकान्स नावात फरसूनिंग आहेच) पीडितांना सहा वर्षं दरसाल रक्कम देण्याची शिफारस केली. सरकारनं 2003 मध्ये प्रत्येकी एकदाच 30,000 रँड देण्याचं ठरवलं.

काही प्रवचनकार मोठ्या भक्तिभावानं सांगतात, की जर्मन 'फेर्झ्योनुंग'मध्ये 'झोन' म्हणजे पुत्र आहे, म्हणून समेट म्हणजे पुन्हा पुत्र होणं. साफ चूक! जर्मनमध्ये उच्चार जवळ सरकले म्हणून ही गल्लत होते. डचमध्ये पुत्र 'झोन' आणि समेट 'झून', दोन्ही वेगळे राहिले आहेत. जर्मनमध्येही 'झ्यूने', म्हणजे प्रायश्चित्त, हा सख्खा भाऊ शेजारीच उभा आहे. त्याला सोडून पुत्राकडे धावायचं कारण काय? प्रायश्चित्त अवघड असतं, हेच ना?

आता सलोखा. सलोखा नांदतो, समेट करावा लागतो, घडवून आणावा लागतो. चर्चच्या कामाला म्हणूनच समेट हवा. पण सलोख्याला कमी लेखू नका. त्याला 'सुलह'पासून ओढून आणणारे आहेत. मला ते मुळीच मान्य नाही. सुलहमधल्या हकाराचा 'ख' कसा झाला, हे त्यांनी आधी दाखवावं. माझा कौल अरबी 'सुलूक'कडे: वागणूक, आणि त्याही आधी वाट चालणं. सुफी परंपरेत साधनेच्या वाटेला सुलूक म्हणतात आणि वाट चालणाऱ्याला सालिक. बेल्हारच्या मिशन चर्चनं आणि कृष्णवर्णीयांच्या चर्चनं 1994 मध्ये एकत्र येऊन युनायटिंग रिफॉर्म्ड चर्च केलं. नाव नीट वाचा, 'युनायटेड' नाही, 'युनायटिंग': एक होत असलेलं. सुलूक तो हाच. वाट अजून बाकी आहे: डच रिफॉर्म्ड चर्चमध्ये बेल्हारचा कबुलीजबाब स्वीकारण्यासाठी प्रांतिक सिनॉडांत मतदान झालं तेव्हा लागणारं बहुमत मिळालं नाही.

वंशभेद की वर्णभेद? मराठीत 'वर्ण' म्हटलं की चातुर्वर्ण्य आधी आठवतं, म्हणून एरवी वंशभेद लिहावं. मात्र बेल्हारच्या मजकुरात वंश आणि रंग हे दोन्ही शब्द जोडीनं आहेत; त्याचं भाषांतर करताना एकही गाळू नका, आणि दुसऱ्यासाठी सरळ 'रंग'च वापरा.