12 वर्षं जुनी गाडी, 60 च्या वर घूं-घूं आवाज येतो आणि स्टिअरिंग थरथरतं. इंजिन गेलं का?

मला इंजिनापेक्षा चाकांचा संशय जास्त येतोय. मोकळ्या, सपाट रस्त्यावर त्याच वेगात गाडी क्षणभर न्यूट्रलला टाका. चावी मात्र बंद करू नका, ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. आवाज तसाच राहिला, तर इंजिनाची काळजी बरीच मिटली.

मग हलकं वळण घेऊन ऐका. उजवीकडे वळताना घूं-घूं वाढत असेल तर बहुधा डाव्या चाकाचं बेअरिंग, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. मेकॅनिककडे गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवायला सांगा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर लगेच हाताला कळतो. याच्यात चालढकल नको. मी महिनाभर केली, शेवटी हबही (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) बदलावा लागला.

थरथरीचं कारण वेगळंही असू शकतं. टायरवर हात फिरवून कुठे फुगा आलाय का बघा, फुगा असेल तर तो टायर आजच काढा. नसेल तर व्हील बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) करून घ्या, त्याला फार खर्च येत नाही. फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल, तर पुढच्या डिस्क तपासा.