दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच शुगर का चढते?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी 13 वर्षांची आहे, टाइप वन डायबेटिस आहे. गेली काही वर्षं इन्शुलिन पंपावर आहे. आधी पंपात नोव्होरॅपिड हे इन्शुलिन भरायचो, तेव्हा एक सेट (पंपातलं इन्शुलिन त्वचेखाली पोचवणारी नळी) 3 दिवस निर्धास्त चालायचा. आता डॉक्टरांनी फिआस्प हे इन्शुलिन सुरू केलंय. जेवणानंतरची शुगर छान आटोक्यात आली. पण सेट घातल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून शुगर 280-300 वर जाऊन बसते, करेक्शन (चढलेली शुगर उतरवायचा जादा डोस) दिलं तरी हलत नाही. सेट काढला की जागा लाल, खाजरी, आत गाठ. पंप अलार्मही देत नाही. तिचे बाबा म्हणतात, ही शाळेतून येताना काहीतरी खाते. ती नाही म्हणून रडते. परत जुन्या इन्शुलिनवर जावं का?
– एक आई, सातारा

उत्तर : आधी लेकीला जवळ घ्या आणि सांगा की आमचा तुझ्यावर विश्वास आहे. तिच्या बाबांनाही हे पत्र वाचायला द्या. तुम्ही जे वर्णन केलंय ते खाण्याचं नाही, साईट, म्हणजे सेट घातलेली जागा, थकल्याचं आहे. मी स्वतः टाइप वन आहे, पंप लावते आणि डायबेटिस एज्युकेटर म्हणून अशी मुलं रोज बघते. न खाल्लेल्या गोष्टीसाठी बोलणी खाल्लेलं मूल पुढे खरी शुगर लपवायला लागतं. मला त्या 300 पेक्षा याची भीती जास्त वाटते.

फरक ओळखता येतो. खाण्यामुळे चढलेली शुगर बोलस (एका वेळी दिलेला इन्शुलिनचा डोस) दिला की दोन-तीन तासांत उतरणीला लागते. साईट बिघडली असेल तर काही न खाताही चढते, करेक्शनला दाद देत नाही, रात्रभर वरच राहते आणि नवा सेट घातला की उतरू लागते. एक काम करा. घरातल्या कॅलेंडरवर सेट बदलल्याची तारीख आणि वेळ लिहा, आणि शुगर अडली त्या वेळेवर खूण करा. महिनाभरात खुणा कुठे पडतात ते तुम्हालाच दिसेल. तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा.

आता कारण. फिआस्पमध्ये इन्शुलिन तेच आहे, नोव्होरॅपिडमधलं ॲस्पार्ट. त्यात नियासिनामाइड, म्हणजे बी-3 जीवनसत्त्वाचं एक रूप, घातलंय. त्याने इन्शुलिन त्वचेखालून रक्तात लवकर उतरतं. ते टिकावं म्हणून आर्जिनिनही आहे. इंजेक्शनची जागा रोज बदलते. पंपात मात्र हे सगळं एकाच टिचभर जागी दोन-तीन दिवस सतत झिरपत राहतं. कॅन्युला (सेटची त्वचेखाली राहणारी बारीक नळी) शरीराला परकीच, तिच्याभोवती सूज येते, त्यात औषधातले फिनॉल आणि मेटाक्रेसॉल हे टिकाऊपणाचे घटक. काहींची त्वचा हे सहज सोसते, काहींची दुसऱ्या दिवशीच कुरकुर करते. पंप अलार्म देतो तो नळीत दाब वाढला तर. इन्शुलिन बाहेर पडतंय पण सुजलेल्या जागेतून नीट शोषलं जात नाही, हे पंपाला कळायला मार्ग नाही.

पंप ऑटोवर असेल, म्हणजे शुगर बघून स्वतःच इन्शुलिन कमी-जास्त करत असेल, तर आणखी एक गोष्ट बघा. शुगर उतरत नाही म्हणून तो त्याच खराब जागेत इन्शुलिन वाढवत राहतो. दिवसाचं एकूण इन्शुलिन नेहमीपेक्षा बरंच जास्त दिसलं, तरी शुगर वरच, की साईटवर संशय घ्यायचा.

सेट काढाल तेव्हा लगेच कचऱ्यात टाकू नका. उजेडात धरा. कॅन्युला सरळ आहे की टोकाशी दुमडली आहे? आत रक्त आहे? प्लास्टर ओलसर आहे का, आणि त्याला वास येतोय का? इन्शुलिनला फिनॉलचा, दवाखान्यासारखा वास असतो. प्लास्टरला तो आला की औषध बाहेर गळलंय. मग बोटांची टोकं जागेवरून हळू फिरवा. डोळ्यांना दिसत नाही अशी गाठ बोटांना लागते. गाठ पूर्ण विरेपर्यंत तिथे पुन्हा सेट नको, मुलांना तिथे दुखत नाही म्हणून ती तीच जागा मागतात, तरीही नको. नवी जागा जुन्यापासून निदान दोन-तीन बोटं लांब. पोटाशिवाय नितंबाचा वरचा भाग, मांडी, दंडाची मागची बाजू हेही वापरा. शाळेच्या स्कर्टचं इलॅस्टिक किंवा बेल्ट नेमका सेटवर येतो का, तेही पाहा.

माझा सल्ला : सेट 48 तासांनी बदला. 'तीन दिवस चालतो' ही वरची मर्यादा आहे, तिसरा दिवस गाठलाच पाहिजे असं नाही. सेट स्वस्त नाहीत, हे मला माहीत आहे, प्रत्येक महिन्याला खोक्यांचा हिशेब मीही करते. पण गाठींनी भरलेलं पोट घेऊन त्या मुलीला अजून साठ वर्षं काढायची आहेत. बदल सकाळी किंवा दुपारी करा, झोपायच्या वेळी नको. दोन तासांनी शुगर बघायला घरात कोणीतरी जागं हवं. इन्शुलिन फ्रिजमधून काढून घरच्या तापमानाला आलं की मगच भरा, बुडबुडे कमी होतात. कॅन्युला वारंवार दुमडत असेल तर तिरक्या किंवा स्टीलच्या सुईच्या सेटबद्दल विचारा. स्टीलची सुई दुमडत नाही, तीही दोन दिवसांनी बदलायची.

आणि हे फ्रिजच्या दारावर लावा. शुगर 250 च्या वर, पंपातून एक करेक्शन दिलं, तासा-दोन तासांत उतरली नाही, तर दुसरं करेक्शन पंपातून द्यायचं नाही. कीटोन (इन्शुलिन कमी पडलं की रक्तात वाढणारे आम्लासारखे घटक) तपासा, इन्शुलिन पेनने इंजेक्शन द्या, सेट बदला. पंपावरच्या मुलांच्या अंगात लाँग ॲक्टिंग, म्हणजे दिवसभर पुरणारं, इन्शुलिन नसतं, त्यामुळे पुरवठा तुटला की काही तासांतच कीटोन चढतात. रक्तातले कीटोन 0.6 च्या वर म्हणजे सावध, 1.5 च्या वर डॉक्टरांना फोन, 3 च्या वर किंवा उलट्या सुरू झाल्या तर थेट दवाखाना. पेनने दिलेला डोस पंपाला माहीत नसतो. डोस किती आणि ऑटो किती तास बंद ठेवायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. एक पेन शाळेच्या दप्तरातही हवं. जागा रुपयाच्या नाण्याहून मोठी लाल झाली, गरम लागली, पू किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा.

48 तासांचा नेम दीड-दोन महिने पाळूनही हेच चालू राहिलं, तर जुन्या इन्शुलिनवर खुशाल जा. जेवणाच्या 15 मिनिटं आधी बोलस द्यायची सवय असेल तर त्यावरही उत्तम शुगर राखणारी मुलं माझ्याकडे आहेत. मात्र बदल डॉक्टरांना विचारून करा, कारण पंपातले आकडेही थोडे हलवावे लागतात.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये नोकरीला आहे, पंपात ल्युमजेव्ह हे इन्शुलिन भरतो. मोठा बोलस घेताना जागा चांगलीच चुरचुरते. इथले काही जण त्यात साधं इन्शुलिन मिसळतात. मीही करू का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : नको, दादा. कंपनीच्या माहितीपत्रकातच इतर इन्शुलिन मिसळू नये असं लिहिलंय. मिश्रण किती वेळात काम करेल आणि नळीत किती टिकेल, याचा अंदाज घरी बांधता येत नाही. ल्युमजेव्हमध्ये लिसप्रो या इन्शुलिनसोबत ट्रेप्रोस्टिनिल आणि सायट्रेट आहे, ट्रेप्रोस्टिनिल जागेवरच्या रक्तवाहिन्या रुंदावतं. चुरचुर हा तुमचा नाजूकपणा समजू नका : पंपावरच्या मोठ्या चाचणीत हे इन्शुलिन घेणाऱ्या सुमारे 38 टक्के लोकांना जागेचा त्रास झाला, साध्या लिसप्रोवर तो बराच कमी होता. पंपात बोलस सावकाश सोडायची सोय असेल तर ती लावून बघा, सेट दोन दिवसांनी बदला. तरीही भागलं नाही तर तुमच्या डायबेटिस नर्सना स्पष्ट सांगा की मला इन्शुलिन बदलून हवंय.