प्रश्नोत्तरे : केटामाइन, उंदीर आणि वेळेचा हिशोब

केटामाइन (भुलीचं औषध, कमी मात्रेत नैराश्यावर लागू पडतं) दिल्यावर २४ तासांनी रॅटच्या (मोठ्या जातीचा उंदीर) प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागात, फॉस्फो-एमटॉर (फॉस्फेट जोडलं जाऊन सक्रिय झालेलं एमटॉर प्रथिन) वाढलेलं दिसत नाही. औषध लागू पडलं नाही का? (विद्यार्थिनी, परळ)

पडलंही असेल, पण तुम्ही उशिरा पोहोचलात. येल विद्यापीठाच्या २०१० च्या कामात १० मिग्रॅ प्रतिकिलोनंतर एमटॉरचं फॉस्फोरिलेशन (फॉस्फेट जोडलं जाणं) तासाभरात चढलं आणि दोन तासांत उतरलंही. पीएसडी-९५, ग्लूए१ आणि सिनॅप्सिन-१ ही चेतापेशींच्या जोडांवरची (सिनॅप्सवरची) प्रथिनं मात्र दोन तासांनी वाढून ७२ तासांपर्यंत वाढलेली राहिली. २४ तासांचे नमुने याच प्रथिनांसाठी वापरा, तेही सिनॅप्टोसोम (ऊतीतून सुटे केलेले सिनॅप्सचे तुकडे) वेगळे काढून. अख्ख्या ऊतीत फरक बुडून जातो. फॉस्फो-एमटॉरसाठी ३० ते ६० मिनिटांचा वेगळा गट हवा. मेंदू काढून गोठवेपर्यंत फॉस्फेट मिनिटामिनिटाला गळतात, म्हणून प्रत्येक प्राण्याला तेवढाच वेळ द्या आणि बफरमध्ये फॉस्फटेज इनहिबिटर (फॉस्फेट तोडणाऱ्या विकरांना रोखणारं रसायन) विसरू नका. फॉस्फो-एमटॉरच्या आकड्याला भागायचं एकूण एमटॉरने. तुलनेसाठी नुसतं अ‍ॅक्टिन (सगळ्या पेशींत असणारं प्रथिन) पुरत नाही.

मात्रा वाढवली तर परिणाम ठळक होईल? (संशोधन सहायक, विलेपार्ले)

उलट होईल. येलच्या त्याच कामात ८० मिग्रॅ प्रतिकिलोला एमटॉर हललंच नाही. ती भूल देण्याच्या आसपासची मात्रा. बाटली ५० मिग्रॅ/मिलीची असेल तर ०.२ मिलीत ९.८ मिली सलाइन घाला, म्हणजे १ मिग्रॅ/मिली होतं. १० मिग्रॅ प्रतिकिलोसाठी २५ ग्रॅमच्या माऊसला (छोट्या जातीच्या उंदराला) पोटात ०.२५ मिली. शून्याची गफलत इथेच होते.

फोर्स्ड स्विम टेस्ट (पाण्यात सोडलेला प्राणी किती वेळ धडपडतो ते मोजणारी चाचणी) इंजेक्शननंतर अर्ध्या तासात केली, निकाल झकास! (विद्यार्थी, कलिना)

एवढ्यात खूश होऊ नका. त्या वेळी केटामाइनमुळे प्राणी तसाही जास्त धावपळ करतो आणि तीच पाण्यात ‘सुधारणा’ म्हणून मोजली जाते. २४ तासांनी घ्या, जोडीला ओपन फील्ड (मोकळ्या पेटीत प्राण्याची हालचाल मोजणारी चाचणी) ठेवा. आणि मे महिन्यात टाकीचं पाणी थेट वापरू नका. थर्मामीटर २३ ते २५ अंश दाखवेपर्यंत थांबा.

माऊसच्या रक्तात बीडीएनएफ (चेतापेशींची वाढ जोपासणारं प्रथिन) जवळजवळ शून्य येतंय. किट खराब? (विद्यार्थी, खारघर)

किटला दोष देऊ नका. माणसात आणि रॅटमध्ये रक्तातलं बीडीएनएफ मुख्यतः प्लेटलेटमधून (रक्त गोठवणाऱ्या कणांमधून) येतं. माऊसच्या प्लेटलेटमध्ये ते जवळजवळ नसतंच. हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाच्या) ऊतीत मोजा. रक्तच हवं असेल तर रॅट घ्या, आणि सीरम (रक्त गोठल्यावर उरलेला द्रव) की प्लाझ्मा (न गोठवलेल्या रक्तातला द्रव) हे आधीच ठरवा: गोठताना प्लेटलेट आतला साठा बाहेर सोडतात, त्यामुळे सीरमचा आकडा कितीतरी मोठा येतो.