शंका-समाधान : गोबरगॅसला संडास जोडावा का?

प्रश्न : आमचा 2 घनमीटरचा दीनबंधू पद्धतीचा (पक्क्या घुमटाचा) गोबरगॅस आहे, गाई तीन, माणसं पाच. शेगडी जेमतेम सव्वा तास चालते. गवंडी म्हणतो, संडास जोडा, गॅस वाढेल. सासूबाई म्हणतात, त्या गॅसवर नैवेद्य शिजणार नाही. काय करावं?
– वाचक, ता. कुडाळ

उत्तर : आधी हिशेब मांडा. मैल्यापासून माणशी रोज साधारण 30 लिटर गॅस मिळतो. पाच जणांचा 150 लिटर. शेगडी तासाला 450 लिटरच्या आसपास खाते; म्हणजे फायदा वीस मिनिटांचा. एवढ्यासाठी घरात रोजचा तंटा कशाला? मिथेन, म्हणजे जळणारा वायू, दोन्हीकडचा एकच, हे खरं. पण नैवेद्याचा प्रश्न रसायनशास्त्राने सुटत नाही.

खरी तूट शेणाची आहे. या आकाराला (2 घनमीटर म्हणजे दिवसाला 2000 लिटर गॅस) रोज 50 किलो ताजं शेण लागतं आणि किलोला सुमारे 40 लिटर गॅस मिळतो. गोठ्यातली गाय 10 किलो देते असं धरा. चरायला जाणारी त्यातलं निम्मं रानातच टाकून येते. तुमच्या गाई चरायला जात असतील, तर तिघींचं 15 किलो, म्हणजे 600 लिटर गॅस. तुमचा सव्वा तास इथेच निघाला! आठवडाभर शेण तोलून खात्री करा. शेजाऱ्याचं शेण घ्यायचं असेल तर बदल्यात स्लरी (गॅस निघाल्यावर बाहेर येणारं शेणपाणी) देण्याचं आधीच ठरवा. शेण दिलं की शेतातलं खत गेलं, ही त्यांची धास्ती असते; नत्र मात्र स्लरीत राहतं.

शेण कमी म्हणून पाणी वाढवू नका. प्रमाण वजनाने एकास एक. शेण-पाण्याच्या पातळ काल्यात जड भाग तळाशी बसतो आणि न कुजलेलं शेणच बाहेर ढकललं जातं.

पुढे घरच्यांच्या संमतीने संडास जोडलाच, तर भांड्यात फिनेल किंवा ॲसिड ओतू नका, जिवाणू मरतात. पाणी बेताचं वापरा. ती स्लरी माडाच्या आळ्यात चालेल, पालेभाजीला नको.

प्रश्न : ज्योत फडफडते, मध्येच विझते.

उत्तर : नळीत पाणी साचलंय. सर्वात खालच्या जागचा पाणी काढायचा कॉक आठवड्याला उघडा. तिथे कॉकच नसेल तर बसवून घ्या आणि नळीला त्या बाजूला उतार द्या. गळती साबणाच्या फेसाने शोधा, काडी पेटवून नव्हे.