मृगात पुस्तक काढू नका

(वाचकांचे प्रश्न. या वेळी उत्तरं देताहेत दारव्हा तालुक्यातले एक निवृत्त एसटी वाहक. तीन कादंबऱ्या त्यांनी स्वतः छापल्या आणि स्वतःच विकल्या. वाचक त्यांना कंडक्टरकाका म्हणतात.)

काका, माझी पहिली कादंबरी लिहून झाली. छापल्यावर 260 पानं होतील, असं एका प्रकाशकानं सांगितलं. 500 प्रतींचे 90,000 रुपये मागतात. 50 प्रती मला देणार, बाकीच्या ते विक्रीला ठेवणार. बचतगटातून निम्मे पैसे उभे होतील. कर्ज काढू का?
— एक वाचक, ता. घाटंजी

नका काढू, ताई. आधी हिशेब मांडा. 90,000 भागिले 500, म्हणजे प्रत पडली 180 रुपयाला. मागच्या हिवाळ्यात मी 208 पानांच्या 300 प्रती यवतमाळात छापून घेतल्या. टायपिंग, मुखपृष्ठ, कागद, बांधणी सगळं धरून प्रत 112 ला पडली. तुमची पानं जास्त आहेत, पण प्रतीही जास्त आहेत, आणि प्रती वाढल्या की दर उतरतो. बरं, पैशाचं एक वेळ सोडा. छापायच्या आधीच ज्याचा नफा खिशात पडला, तो तुमच्या 450 प्रती विकायला धावपळ कशाला करेल? त्याचं गिऱ्हाईक तुम्हीच, आणि तुम्ही पैसे देऊन मोकळ्या झालेल्या.

सगळेच असे नसतात. पदरचे पैसे घालून छापणारे प्रकाशक आहेत, फक्त ते वर्ष-दोन वर्षं ताटकळत ठेवतात. आणि पहिलंच पुस्तक आहे म्हणता, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानाची जाहिरात येते, त्यावर लक्ष ठेवा. ते हस्तलिखितासाठी असतं. आधी छापून बसलात तर तो रस्ता बंद.

तरीही त्या प्रकाशकाकडेच जायचं ठरलं, तर करारनामा घरी आणून दोनदा वाचा. हक्क किती वर्षांसाठी देताय, ई-बुकचे हक्क त्यात आहेत का, न विकलेल्या प्रती कोणाच्या, हे बघा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरतात. म्हणून 'कायमस्वरूपी' हा शब्द दिसला की पेन खाली ठेवा.

एक बारीक गोष्ट, कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. डेमी या पुस्तकाच्या नेहमीच्या आकारात 16 पानांचा एक फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदाची एक घडी, होतो. 256 पानं म्हणजे बरोबर 16 फर्मे. तुमची 260 आहेत, म्हणजे वरच्या 4 पानांसाठी वेगळा कागद लावा, वेगळी घडी घाला. ती 4 पानं काढून टाका. कादंबरीत 4 पानं जास्तीची असतातच. माझ्या पहिलीत 40 होती.

आता किती छापायच्या? 2011 साली मी 1000 छापल्या. मुक्कामी गाडीवर असताना ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून टॉर्चच्या उजेडात लिहिलेली कादंबरी, त्यामुळे अख्खा जिल्हा वाट पाहून राहिला असं मला वाटत होतं. टेम्पोतून गठ्ठे आले. ते मी मागच्या खोलीत सोयाबीनच्या पोत्यांशेजारी रचले. दुसऱ्या पावसाळ्यात खालचा गठ्ठा उचलायला गेलो तर हातात नुसतं मुखपृष्ठ आलं. आतली पानं उधईनं खाऊन मातीची जाळी करून ठेवली होती. बायको दारातून म्हणाली, "चला, कोनीतरी त पुरं वाचलं."

तिसऱ्या कादंबरीच्या वेळी आधी वही घेतली. गावावार नावं लिहिली. अट एकच, या माणसाच्या हातात पुस्तक देऊन मला पैसे मागता आले पाहिजेत. फुकट नेणारे नातेवाईक त्यात नाहीत, 'भाऊ, ठेवा एक माझ्यासाठी' म्हणून कधी न येणारेही नाहीत. 26 वर्षं तिकिटं फाडली तरी नावं निघाली 214. छापल्या 300. त्या 214 पैकी घेतल्या 131 जणांनी. बाकीच्या त्यांनी ज्यांना सांगितलं त्यांनी घेतल्या, आणि होळीपर्यंत 262 गेल्या. तुमच्या वहीत 90 नावं निघाली तर 150 छापा. डिजिटल छपाईत तेवढ्याही निघतात. प्रत थोडी महाग पडेल, पण उधईचा खर्च वाचेल.

आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) एजंटाकडून घ्यावा लागतो का? एकानं 3,000 रुपये सांगितले. आणि कॉपीराइटची नोंदणी सक्तीची आहे का?
— एक वाचक, उमरखेड

दोन्हीला नाही. आयएसबीएन दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी देते, फुकट. अर्ज ऑनलाइन, लेखकालाही स्वतःच्या नावावर करता येतो. थोडे दिवस लागतात, म्हणून मुखपृष्ठ छापायला जायच्या आधी करा. कॉपीराइट लिहिताक्षणीच तुमचा झाला. तुम्ही असेपर्यंत आणि नंतर 60 वर्षं. नोंदणी केली तर पुरावा हाती राहतो, एवढंच.

मात्र स्वतः छापलं की कायद्यानं प्रकाशक तुम्हीच. 1954 चा एक कायदा आहे, त्यानुसार पुस्तक प्रकाशित झाल्यापासून 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवायची असते. मी पहिल्या वेळी पाठवली नव्हती. कोणी विचारलं नाही, पण आता पाठवतो.

पुस्तक छापून झालं. प्रकाशन सोहळा कधी आणि कसा घ्यावा? जाहिरातीला पैसे नाहीत. फेसबुकवर टाकलं की लोक 'अभिनंदन' म्हणतात, विकत कोणी घेत नाही.
— एक शिक्षक, ता. आर्णी

गुरुजी, मृगात पुस्तक काढू नका. माझी पहिली मी जूनमध्ये काढली. सभागृहाचं भाडं भरलं, पाहुणे बोलावले, आणि त्याच दिवशी पहिला दमदार पाऊस झाला. सगळी पंचक्रोशी पेरणीला. सभागृहात 11 जण, त्यातले 4 आमच्या डेपोचे. ज्या माणसानं सकाळी बियाणं आणि डीएपी खत उधारीवर उचललं, तो संध्याकाळी 200 रुपयाची कादंबरी घेणार कशी? आपल्याकडे हातात पैसा येतो कापूस निघाल्यावर. दिवाळी ते होळी, एवढाच आपला हंगाम. पुस्तक डिसेंबरात तयार ठेवा.

सोहळा नाही केला तरी चालतो. त्या पैशात 20 प्रती अशा माणसांना द्या, जी दिवसभर लोकांशी बोलतात. मोठ्या समीक्षकाला पाठवलेली प्रत टपालाच्या पाकिटातच राहते, हा अनुभव आहे. मी एक प्रत स्टँडसमोरच्या सलूनमध्ये ठेवली, पेपराच्या खाली. दोन महिन्यांत तिच्या कडा तेलानं पिवळ्या झाल्या, मधली पानं सुटली. नंबर येईपर्यंत माणूस चार पानं वाचतो, मग कटिंग होते आणि गोष्ट अर्धीच राहते. 17 जणांनी त्या दुकानदाराकडे विचारलं की हे पुस्तक भेटते कुठी. दुसरी प्रत गावच्या आशा सेविका ताईंना दिली होती. त्यांनी संक्रांतीच्या वाणाची गोष्ट काढली. डबे-चाळण्यांऐवजी पुस्तक लुटायचं म्हणून एका बाईंनी 40 प्रती नेल्या. मी 130 रुपयाला दिल्या, प्रतीमागे 18 सुटले, पण त्या 40 घरांत पुस्तक गेलं ना.

फेसबुकवर मुखपृष्ठ टाकू नका, आवाज टाका. कादंबरीतला संवादाचा तुकडा, तीन मिनिटांचा, वऱ्हाडीतच, तुमच्या तोंडून. मी बसस्टँडवरच्या भांडणाचा प्रसंग वाचून गावच्या ग्रुपवर टाकला होता. तो फिरत फिरत पुण्यात नोकरी करणाऱ्या आपल्या पोरांकडे गेला आणि तिकडून 23 प्रतींची मागणी आली. खाली किंमत, टपालखर्च आणि पैसे कुठे टाकायचे ते लिहा. 'संपर्क साधा' लिहिलं की कोणी साधत नाही.

वितरक? माझ्या पुस्तकाची किंमत 280. वितरकानं 50 टक्के मागितले, म्हणजे मला 140. छपाईचे 112 गेले, उरले 28, त्यातून पार्सल. आणि न विकलेल्या प्रती कोपरे दुमडून परत. त्यापेक्षा तालुक्यातल्या अ आणि ब वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयांत स्वतः जा. त्यांना पुस्तकखरेदीसाठी अनुदान असतं. बिल नीट छापलेलं न्या. कागदाच्या चिठ्ठीवर ते घेत नाहीत.

ई-बुकही काढावं का?
— एक वाचक, पुसद

काढा, किंडलवर मराठी चालते. फक्त मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर सारखाच दिसेल अशा टायपिंगमध्ये, पाहिजे. बऱ्याच ठिकाणी अजून जुन्या फाँटमध्ये टाइप करतात आणि मग बदलून देतात. त्या बदलात 'ऱ्य' मरतो. माझ्या एका ई-बुकात 'शेतकऱ्यांनी'चं 'शेतकर्यांनी' झालं, तेही पहिल्याच ओळीत. एका वाचकानं पानांसकट 41 जागा काढून पाठवल्या. टायपिंगला देतानाच 'युनिकोड' म्हणून सांगा, आणि प्रूफ मोबाइलवर वाचून पाहा, लोक तिथंच वाचतात.

माझ्या कादंबरीतली सासू माझ्याच सासूबाईंवर बेतली आहे. टोपणनाव घेऊ का?
— नाव नको, ता. दिग्रस

टोपणनावानं गावात काही लपत नाही, ताई. प्रत विकायला तर तुम्हीच जाणार. त्यापेक्षा पात्राचं गाव बदला, धंदा बदला, आणि तिला एखादी अशी चांगली सवय द्या जी सासूबाईंना नाही. माझ्या दुसऱ्या कादंबरीतला चोरटा टाइमकीपर वाचून आमच्या डेपोतले दोघे जण माझ्याशी बोलेनासे झाले. त्या दोघांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. ज्याच्यावर लिहिलं, त्यानं सहा प्रती घेतल्या आणि वरून म्हणाला, "असे लोक असतात बाप्पा!"